पश्चात्ताप म्हणजे नेमकं काय? देवाकडे परत येऊ पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शब्बाथशाळेत (मंडळीच्या रविवारच्या बायबल वर्गात) आणि दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गात मी बरीच वर्षं शिकवतो आहे. पश्चात्तापाचा धडा असतो त्या दिवशी वर्गात फारसं कुणी काही विचारत नाही. खरे प्रश्न येतात ते नंतर, बाहेर चपला घालताना, हळू आवाजात. तेच इथे मांडले आहेत. मी नगर जिल्ह्यातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो, त्यामुळे उत्तरांना तो वास येणारच. कॅथलिक शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पस्तावा झाला म्हणजे पश्चात्ताप झाला का?

नाही. बायबलच्या जुन्या करारात यासाठी जो हिब्रू शब्द सर्रास येतो तो आहे 'शूव'. त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, परत येणं. चुकीच्या फाट्याने गेलेला माणूस वळतो ना, तसं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोईया' म्हणजे मन पालटणं. दोन्ही शब्दांत रडण्याचा उल्लेख नाही.

येशूला धरलं त्या रात्रीतले त्याचेच दोन शिष्य बघा. यहूदाला पस्तावा झाला. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचं तोंडाने कबूलही केलं. म्हणजे पैसे परत, कबुलीही दिली. पण कुणापुढे? ज्यांनी त्याला विकत घेतलं त्या मुख्य याजकांपुढे. "आम्हाला त्याचं काय?" म्हणून त्यांनी हात झटकले आणि त्याने एकट्यानेच जाऊन गळफास घेतला. पेत्राने तर येशूची ओळखही नाकारली होती, तीही तीनदा. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे तळ्याच्या काठी येशू दिसला तेव्हा नाव किनाऱ्याला लागेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही, त्याने पाण्यात उडी टाकली. यहूदा स्वतःच्या पापाकडे बघत राहिला, पेत्र येशूकडे गेला.

आमच्या नात्यातले एक काका होते. उज्जीवन सभेला, म्हणजे विश्वास नव्याने जागा व्हावा म्हणून भरणाऱ्या सभेला, दरवर्षी पुढे जायचे, गुडघे टेकून रडायचे. रडणं खोटं नव्हतं, मी शेजारी बसून पाहिलं आहे. पण पेरणी आली की थोरल्या भावाच्या रानाकडचा बांध दर वर्षी वीतभर कोरला जायचा. नांगर त्यांचाच, आणि रडणारे डोळेही त्यांचेच. काकांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मला रडूच येत नाही. माझा पश्चात्ताप खोटा आहे का?

स्वभाव स्वभावाचा फरक असतो. काहींना लग्नातही रडू येतं, काहींना आईच्या मातीलाही येत नाही. योएल संदेष्टा सांगतो की वस्त्रं फाडू नका, हृदय फाडा. त्या काळी शोक दाखवायला अंगावरचे कपडे फाडायची रीत होती. आज सभेत मोठ्याने हुंदके देणं हे पुष्कळदा त्याचंच नवं रूप असतं. दुःख हवं, हे खरं. पौल करिंथकरांना लिहितो की देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. म्हणजे दुःख ही वाट झाली, मुक्काम पुढे आहे. "सापडलो याचं वाईट वाटतंय की केलं याचं?" हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. सुरुवातीला उत्तर बहुतेकदा "सापडलो याचं" असंच येतं. तेवढं खरं उत्तरसुद्धा देवापुढे ठेवता येतं.

आधी सुधारायचं आणि मग देवाकडे यायचं, असं का नाही?

कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला धाकटा मुलगा तसा आला नाही. त्याने वडील हयात असतानाच वाटणी मागितली. आपल्याकडे हे किती लागतं ते वेगळं सांगायला नको. पैसा उडवला, डुकरं राखली, त्यांच्या शेंगांवर पोट भरायची पाळी आली. मग घरी निघाला तेव्हा त्याने भाषण पाठ केलं: मी पाप केलं, मुलगा म्हणवायची माझी लायकी नाही, मला चाकरांतल्या एकासारखं ठेवा.

आता पुढची ओळ नीट वाचा. बापाने दुरून पाहिलं आणि म्हातारा धावत सुटला. गळ्यात पडल्यावर मुलगा भाषण सुरू करतो, पण चाकर म्हणून ठेवा हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बापाने तोवर झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेले असतात. मुलाच्या अंगाला डुकरांचा वास अजून तसाच होता. अंघोळ करून ये, मग मिठी मारतो, असं कुणी म्हटलं नाही.

आणि थोरला मुलगा अंगणातच रुसून बसला होता. "मी कधी मंडळी चुकवली नाही, मला कसला पश्चात्ताप?" असं विचारणाऱ्यांनी त्याची गोष्ट वाचावी. बाप त्यालाही समजवायला बाहेर आला होता, आणि तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही.

माझा बाप्तिस्मा झाला आहे. मग पुन्हा पश्चात्ताप कशाला?

मार्टिन ल्यूथरने १५१७ साली जे ९५ सिद्धान्त मांडले, त्यांतला पहिलाच हा आहे: प्रभूने "पश्चात्ताप करा" म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. म्हणजे एकदा फॉर्म भरला आणि पावती मिळाली, असं हे काम नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं गेली. बायबल थेट हिब्रू-ग्रीकमधून मराठीत आणणाऱ्या बाईंचं हे म्हणणं. १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे उज्जीवन झालं, त्यात मुली तासन्‌तास रडून पापं कबूल करत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी आधीपासून ख्रिस्तीच होत्या.

फादरांपुढे पापनिवेदन करायलाच हवं का? थेट देवाला सांगितलं तर?

इथे दोन परंपरा वेगळ्या आहेत, आणि दोन्हीकडे एकमेकांविषयी बरंच ऐकीव पसरलेलं असतं.

कॅथलिक शिकवणीत पश्चात्तापाचा संस्कार आहे. त्यात अंतःकरणातला अनुताप, धर्मगुरूंपुढे पापनिवेदन (गोव्याकडचे लोक 'कुमसार' म्हणतात) आणि सांगितलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं या तिन्ही गोष्टी येतात. गंभीर पापं वर्षातून निदान एकदा निवेदन करावीत हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. ऐकलेलं गुपित धर्मगुरूंना कुठल्याही कारणाने फोडता येत नाही. आधार योहानाच्या विसाव्या अध्यायाचा: ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सगळे मिळून पापकबुली म्हणतात आणि बाकी माणूस थेट देवाशी बोलतो. आधार योहानाच्या पहिल्या पत्राचा: आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे. 'प्रायश्चित्त' या शब्दावरून गोंधळ होतो तो इथेच. आमच्याकडे तो शब्द ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यासाठी राखून ठेवलेला आहे. वसईचा कॅथलिक माणूस तोच शब्द फादरांनी सांगितलेल्या प्रार्थनेसाठी वापरतो. दोघं वाद घालत बसतात आणि बोलत असतात वेगवेगळ्या गोष्टींविषयी.

माझं मत विचाराल तर "थेट देवाला सांगतो" हे आम्ही प्रोटेस्टंट लोक फार सोयीने वापरतो. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही लिहिलं आहे. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून "मी हे केलं" म्हणताना घशाला जी कोरड पडते, ती खोली बंद करून प्रार्थना करताना पडत नाही. पाळकसाहेब असोत, मंडळीतलं एखादं जुनं माणूस असो, पण तोंड बंद ठेवणारं हवं. प्रार्थनेचा विषय म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणारं नको.

क्षमा फुकट आहे, तर मग भरपाई कशासाठी?

भरपाई क्षमेची किंमत म्हणून नसते. जक्कय या जकातदाराचा क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरला आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट द्यावं हा मोशेच्या नियमशास्त्रातला दर होता. हिशेबाच्या माणसाने हिशेबाच्या भाषेतच पश्चात्ताप केला.

यार्देनकाठी लोकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारलं होतं, "मग आम्ही काय करावं?" त्याने उपास सांगितले नाहीत. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कुणाला लुबाडू नये आणि पगारात भागवावं. सरकारी नोकरीतल्या माणसांच्या वर्गात हा शास्त्रपाठ वाचून बघा, खोली किती शांत होते ते.

माझं सांगतो. तरुणपणी तरुण संघाचा खजिनदार होतो. कापणीच्या सणाला मंडळीत लिलाव होतो. कणसं, भोपळे, कोंबड्या, अंड्यांचे ट्रे. त्या लिलावाचे अठराशे रुपये माझ्याकडे होते आणि मी ते घरात वापरले. दोन महिन्यांनी जमले तसे पाकिटात घालून गुपचूप दानाच्या थैलीत टाकले. हिशेब मिटला असं वाटलं, पण मंडळीत गेलो की संघाच्या वहीकडे बघवत नव्हतं. शेवटी सेक्रेटरीच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने वही काढली, तारीख घातली आणि "खजिनदाराने उशिरा भरले" असं माझ्यासमोर लिहून मला सही करायला लावली. ती सही करताना हात जड झाला होता. त्या रात्री झोप मात्र लागली.

म्हणून पैसे गुपचूप टाकले तर चालेल का, याचं उत्तर: पैसे पोचतील, तुम्ही पोचणार नाही.

ज्याचं वाईट केलं त्याला सगळंच सांगायचं का?

ज्याला तुमच्या वागण्याची झळ बसली त्याच्याकडे जायचं. येशू म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग ये. पण ज्याला काही माहीतच नाही त्याला "मी पाच वर्षं तुमचा मनातून द्वेष करत होतो" असं जाऊन सांगणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर देणं. संसारातल्या विश्वासघातासारख्या गोष्टीत घाईने बोलू नका. आधी जाणत्या माणसाचा सल्ला घ्या. सल्ला कधी आणि कसं सांगायचं याचा असतो, लपवून कसं ठेवायचं याचा नाही.

माफी मागताना "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द गाळा. वाईट वाटलंच आहे.

दाविदाने तर "मी तुझ्याविरुद्धच पाप केलं" म्हटलं. मग उरीयाचं काय?

हा प्रश्न एका अकरावीतल्या मुलीने विचारला होता आणि मला त्या दिवशी धड उत्तर देता आलं नाही.

एक्कावन्नावं स्तोत्र आपल्या सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या मथळ्यात प्रसंग दिला आहे: बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. दावीद राजाने उरीया नावाच्या सैनिकाची बायको आणवून घेतली, आणि प्रकरण अंगाशी येतंय असं दिसल्यावर त्याला लढाईच्या तोंडी उभं करून मारवलं. नाथानाने त्याला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. दावीद संतापून म्हणाला, त्या माणसाने चौपट भरून द्यावं. "तो माणूस तूच," नाथान म्हणाला.

"तुझ्याविरुद्धच" या शब्दांतून उरीया सुटत नाही. राजाच्या वर न्याय मागायला जागाच नव्हती. उरीयाच्या बाजूने उभा राहणारा देवच होता, म्हणून त्याच्याविरुद्ध केलेलं पाप थेट देवाच्या अंगावर गेलं. मी ते असं वाचतो. त्याच स्तोत्रात पुढे रक्तपाताच्या दोषातून सोडव अशी विनवणी आहे, ती कुणाच्या रक्ताची हे दाविदाला ठाऊक होतं. आणि क्षमा मिळाली तरी त्याच्या घरात तलवार राहिली. परिणाम पुसले जातात असं शास्त्र कुठेही सांगत नाही.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. किती वेळा परत येऊ?

पेत्राने सातदा क्षमा करू का विचारलं तेव्हा येशूने साताच्या सत्तरपट सांगितलं. माणसाकडून एवढी अपेक्षा ठेवणारा देव स्वतः कमी करेल का?

पण दारूसारख्या गोष्टीत पुन्हा पुन्हा पुढे जाऊन प्रार्थना घेण्याबरोबर उपचारही घ्या. व्यसन हा आजारही आहे. व्यसनमुक्ती केंद्रात जाणं हा विश्वासाचा कमीपणा नव्हे. वाट बदला, ज्या मित्रांबरोबर बसता ते बदला, पगार बायकोच्या हातात द्या. वळणं म्हणतात ते हेच.

कधी वळायला वर्षं लागतात. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ च्या वादळात देवाकडे वळला, पण त्यानंतरही काही वर्षं तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. प्रार्थना करायचा, आणि खाली तळघरात माणसं साखळ्यांत असायची. १७५४ मध्ये आजारपणामुळे समुद्र सुटला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड लिहिलं ते १७८८ मध्ये, आणि ही कबुली फार उशिरा येते आहे असंही त्यात म्हटलं. कबुलीपाशी तो थांबला नाही, तो व्यापार बंद व्हावा म्हणून त्याने साक्षही दिली.

नवरा मारतो, मग रडून माफी मागतो. ख्रिस्ती बायको म्हणून मी परत जावं का?

ताई, क्षमा करणं आणि त्याच घरात मार खायला परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने खरंच पश्चात्ताप केला असेल तर तो तुम्हाला घाई करणार नाही. तुम्ही माहेरी किंवा सुरक्षित जागी आहात हे तो मान्य करेल, समुपदेशनाला जाईल, पंचांसमोर कबूल करेल आणि वाट पाहील. "बायबलमध्ये क्षमा करा लिहिलंय" हे वाक्य मारणाऱ्याच्या तोंडून आलं तर समजा अजून काही वळलेलं नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाईन क्रमांक आहे. तिथे फोन करण्यात पाप नाही.

लहान मुलांवरच्या अत्याचाराबाबत तर मंडळीने मिटवामिटवी करायची नाहीच. पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अपराध्याने पश्चात्ताप केला असेल तर तो तुरुंगातही करता येतो.

माझ्या हातून अक्षम्य पाप झालं असेल का?

ही भीती ज्याला वाटते त्याचं मन अजून देवाकडे ओढ घेतंय. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशू हे बोलला ते अशा माणसांना, जे डोळ्यांसमोरचं पवित्र आत्म्याचं काम सैतानाचं म्हणत होते आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. रात्री झोप उडत असेल तर पाळकांशी बोला, आणि महिनोन्‌महिने उडत असेल तर डॉक्टरांशीही.

घरात पूर्वजांचा शाप आहे असं एका प्रार्थनावाल्याने सांगितलं.

यहेज्केलाचा अठरावा अध्याय काढून त्याला वाचून दाखवा. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. शाप तोडायचे पैसे मागितले तर पुस्तक मिटून घरी या.

मंडळीपुढे साक्ष द्यावी का?

द्यावी, बेताने. काही साक्षींत पापाचं वर्णन वीस मिनिटं आणि प्रभूचं दोन मिनिटं असतं. त्यात दुसऱ्यांची नावं येतात ते तर मुळीच नको.

परत आल्यावर मंडळीत पूर्वीचं काम लगेच मिळेल का?

हा वाद जुना आहे. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांना बळी द्यायला लावलं. पुष्कळ ख्रिस्ती भ्याले, बळी देऊन दाखला घेतला आणि छळ थांबल्यावर परत यायचं म्हणू लागले. रोममधला धर्मगुरू नोवेशियन याचं म्हणणं होतं की यांना मुळीच घेऊ नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्या, पण पश्चात्तापाचा काळ जाऊ द्या. मंडळी सिप्रियनच्या बाजूने गेली.

क्षमा लगेच होते, विश्वास बसायला वेळ लागतो. ज्याने पैशांत गोंधळ केला त्याला भजनी मंडळात घ्या, थैली नका देऊ. मी स्वतः पुन्हा कधीच खजिनदार झालो नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

योहानाने एक बारीक गोष्ट टिपली आहे. पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवापाशी शेकत होता. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने मासळी भाजायला विस्तव केला, तोही कोळशांचाच. त्या वासात पेत्राला तीनदा विचारलं गेलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" जखम जिथे होती तिथेच हात लावला, आणि मग मेंढरं सांभाळायला दिली.

ज्याचं नुकसान केलं ते माणूस आता हयातच नाही. आता काय?

जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याची तरतूद आहे. मुद्दल भरायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा. ज्याचं नुकसान केलं तो नसेल तर जवळच्या नातलगाला द्यायचं, तोही नसेल तर याजकाला. म्हणजे घेणारा गेला तरी देणं जात नाही. अब्रू घेतली असेल, खोटं पसरवलं असेल, तर ज्यांच्यापुढे पसरवलं त्यांच्यापुढे जाऊन मागे घ्या.

त्या काकांचं असंच झालं. थोरला भाऊ वारला. मातीच्या वेळी काका रडले नाहीत, कबरस्तानातून सरळ रानात गेले आणि संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिले. महिन्याभराने पुतण्याला घेऊन मोजणीचा अर्ज दिला, फी स्वतः भरली. मोजणीवाले आले, खुणा केल्या. अडीच गुंठे निघाले. पुतण्या म्हणाला, "राहू द्या काका, एवढ्यानं काय होतंय." काकांनी ऐकलं नाही. नव्या खुणेवर स्वतः दगड रोवले, आणि त्या साली ज्वारी झाली तेव्हा दोन पोती बैलगाडीत घालून पुतण्याच्या दारात उतरवली. गणनाचा अध्याय त्यांनी वाचला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी उज्जीवन सभेत ते मागच्या बाकावर बसले होते, पुढे गेले नाहीत.